झुंबर मंजूर, स्पीकर नामंजूर

आज सोसायटीच्या एजीएममध्ये, म्हणजे वार्षिक सभेत, लॉबीचं झुंबर पाच मिनिटांत मंजूर झालं. वर टाळ्या. आगीच्या वेळी सूचना देणाऱ्या स्पीकरच्या (पीए) आणि खाली बोलायच्या हँडसेटच्या (टॉकबॅक) दुरुस्तीचं कोटेशन मात्र "पुढच्या वर्षी बघू". डोकं फिरलंय.

प्रत्येक मजल्यावर लिफ्टजवळ, होज रीलच्या बाजूला, एक स्पीकर आणि एक हँडसेट असतो. खालून माइकवर कुणीतरी सांगायचं की आग कुठे आहे, कुठल्या जिन्याने उतरा किंवा रेफ्यूज एरियात, म्हणजे आगीत थांबायला राखलेल्या जागेत, थांबा. वर अडकलेल्याने हँडसेट उचलून खाली कळवायचं. आमच्या मजल्यावर हँडसेटची वायर लोंबतेय आणि डब्याला कुणाचं तरी चपलांचं स्टँड टेकवलंय. खाली केबिनमध्ये पॅनेलवर कॅलेंडर टांगलंय!

गेल्या पावसाळ्यात इलेक्ट्रिक डक्टमध्ये शॉर्टसर्किट झालं. मी ऑफिसात, आई सतराव्या मजल्यावर एकटी. घंटा वाजली, थांबली, परत वाजली. आई दार उघडून उभी. लिफ्ट बंद, पॅसेजमध्ये धूर, वर जाऊ की खाली हे सांगणारं कुणी नाही. ग्रुपवर "काय झालं?", "कुणाला माहितीये का?" आणि मध्येच एका काकांचा सुविचार. आई व्हॉट्सअ‍ॅप बघते दुपारी, तेही चष्मा सापडला तर.

पोरं कॉल पॉइंट, म्हणजे अलार्मचं बटण, दाबून पळतात, खोटे अलार्म होतात. मान्य. म्हणूनच तर घंटेवर भागत नाही ना, माणसाचा आवाज लागतो!

परळच्या क्रिस्टल टॉवरला 22 ऑगस्ट 2018 ला आग लागली, 4 जण गेले. आग विझवायची यंत्रणा चालूच नव्हती. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये 2017 साली लोकांना आधी "घरातच थांबा" सांगितलं. सल्ला बदलला पहाटे 2.47 ला, पण तो सगळ्या घरांत एकदम ऐकवायची सोयच इमारतीत नव्हती. 72 माणसं गेली. आपल्याकडे सोय बसवलेली आहे आणि आपण तिच्यावर चपला ठेवतो.

दर जानेवारी-जुलैत फॉर्म बी, म्हणजे आगीची यंत्रणा ठीक असल्याचा दाखला, जातो, सगळं चालू आहे म्हणून. सही करणाऱ्याने हँडसेट कधी कानाला लावलाय का, देव जाणे.

वॉचमनवर माझा राग नाही. त्याला पॅनेलवरचं एकच बटण दाखवलंय, आवाज बंद करायचं. त्या दिवशी तोच धापा टाकत मजले चढला, दारं बडवली, आईचा हात धरून तिला रेफ्यूज एरियात नेलं. तिथेही कुणाची तरी जुनी गादी होती, तिच्यावर बसवलं. आई अजून म्हणते, "त्या पोराला चहा देत जा गं." देतेच. पण अख्ख्या टॉवरची सुरक्षा एका पोराच्या गुडघ्यांवर?

गणपतीत आरतीची वेळ मात्र भाड्याच्या स्पीकरवरून विसाव्या मजल्यापर्यंत खणखणीत ऐकू येते. तेव्हा बजेट असतं.

झुंबरही लावा हो, छान दिसेल. तुमच्या सोसायटीत पीए-टॉकबॅक खरंच चालू असेल तर एएमसीचा (वार्षिक देखभाल कराराचा) दर कमेंटमध्ये टाका. सेक्रेटरींना उद्याच दाखवायचाय.