खाली पडायचं असतं बयेनं!

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या ‘शारदा’ पेटली आहे. कुणा हौशी मंडळाने देवलांचं ‘संगीत शारदा’ दोन तासांत बसवलं, निम्मी पदं कापली. सांगलीचे काका म्हणतात, मग तिकीटही निम्म्यात द्या. पुण्याचा मावसभाऊ म्हणतो, अख्खं नाटक बघायला आज वेळ कुणाला आहे? मी इथून, मिलानहून, विचारलं, प्रयोग बघितला कुणी? काकांनी नाही. भावाने तीस सेकंदांची रील बघितली होती.

मला २०१९ ची ७ डिसेंबरची संध्याकाळ आठवली. तो संत आम्ब्रोजचा दिवस. मिलानचं ग्रामदैवतच म्हणा. त्या दिवशी ला स्काला या ऑपेराच्या नाट्यगृहाचा हंगाम सुरू होतो. त्या वर्षी संगीतकार पुच्चिनीची ‘तोस्का’ होती, म्हणजे गाण्यातून चालणारं नाटक, आणि राई उनो या सरकारी वाहिनीवर थेट प्रक्षेपण. खालच्या मजल्यावरच्या आजींनी मला बोलावून घेतलं. रेडिएटरवर संत्र्याची सालं वाळत घातलेली, मांडीवर विणकाम. पडद्यावर खाली इटालियन शब्द धावत होते, इटालियन माणसांसाठी! गाण्यातलं सगळं त्यांनाही कळत नाही, हे बघून बरं वाटलं.

‘तोस्का’ रंगभूमीवर आली जानेवारी १९०० मध्ये, ‘शारदा’ १८९९ मध्ये. म्हणजे दोघी एकाच वयाच्या. आमच्याकडे कात्री, तर इथे उलटंच: संगीतसंचालक रिक्कार्दो शायी यांनी पुच्चिनीने पहिल्या प्रयोगानंतर गाळलेल्या जागा परत घेतल्या होत्या. अनोळखी सूर आला की आजींच्या सुया थांबायच्या.

खरा भडका शेवटी उडाला. प्रियकराला गोळ्या घातल्यावर तोस्का रोमच्या कास्तेल सांतांजेलो किल्ल्याच्या तटावरून उडी घेते, हे इथे सगळ्यांना पाठ. दिग्दर्शक दाविदे लिवेरमोरेने तिला वर नेलं, आकाशात. आजी टीव्हीवर ओरडल्या. त्याचं मराठी मी असं करीन: ‘खाली पडायचं असतं बयेनं, खाली!’

इथे रसिकतेचे पाट वाहतात असं मात्र समजू नका. पहिल्या रात्रीचं महागडं तिकीट तीन हजार युरोंच्या घरात जातं. तिथे मिरवायलाच येणारे कमी नाहीत. माझ्या ऑफिसात ऑपेराचं नाव काढलं की निम्मे जांभई देतात. पण त्या संध्याकाळी अठ्ठावीस लाखांवर लोकांनी ती ‘तोस्का’ टीव्हीवर बघितली, त्यात तुरुंगातले कैदीही होते. इथल्या सान व्हित्तोरे तुरुंगात पडदा लावतात. नंतर भांडले ते बघितलेल्या गोष्टीवरून.

आपल्याकडे तारीखही तयार आहे. ५ नोव्हेंबर, रंगभूमी दिन. १८४३ मध्ये सांगलीत भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं त्याची आठवण. त्या संध्याकाळी सह्याद्रीने एक अख्खं संगीत नाटक थेट दाखवावं, पदांचे शब्द खाली देऊन. कापलेलं दाखवा, न कापलेलं दाखवा. काकांना खुर्चीत बसून चिडू दे. रील बघून चिडण्यात काय मजा?

दुसऱ्या दिवशी सकाळी आजींबरोबर पाव आणायला गेलो होतो. बेकरीवाला म्हणाला, वर गेली ते छान झालं, बिचारीने किती सोसलं! आजींनी त्याला पुच्चिनी शिकवला, रांग खोळंबली, आणि सुटे पैसे काउंटरवरच राहिले.