दृष्टी दिल्लीत मिळाली, प्रश्न बॉस्टनहून आला

घरी फोन केला की दोन वाद ठरलेले असतात. काका म्हणतात, सरकारी पैशावर आयआयटीत शिकून बाहेर गेलेल्यांनी देशाला काय परत दिलं? मावशीचं म्हणणं वेगळं. आपल्याकडे साधे दवाखाने पुरत नाहीत, मग ‘मेंदूला जग कसं दिसतं’ असल्या संशोधनावर पैसा कशाला? दोघंही कळकळीनं बोलतात. इथे बॉस्टनजवळ राहून मला दोघांनाही एकाच माणसाचं काम सांगावंसं वाटतं.

पवन सिन्हा आयआयटी दिल्लीत शिकले आणि आता बॉस्टनजवळच्या एमआयटी या विद्यापीठात मेंदू आणि दृष्टीचा अभ्यास करतात. दिल्लीच्या एका भेटीत त्यांना मोतीबिंदूनं आंधळी झालेली मुलं दिसली. अमेरिकेत जन्मजात मोतीबिंदू असलेल्या बाळावर पहिल्या काही आठवड्यांतच शस्त्रक्रिया होते. आपल्याकडे अशी कितीतरी मुलं डॉक्टरपर्यंत पोचतच नाहीत. त्यातून ‘प्रोजेक्ट प्रकाश’ उभा राहिला. खेड्यापाड्यांत मुलं शोधायची, दिल्लीच्या डॉ. श्रॉफ नेत्र रुग्णालयासारख्या ठिकाणी शस्त्रक्रिया करायची आणि मग त्यांचा मेंदू बघायला कसा शिकतो ते तपासायचं.

हे सोपं नव्हतं, कारण शास्त्रच आडवं येत होतं. ह्यूबेल आणि वीझल या मेंदूशास्त्रज्ञांनी बॉस्टनमध्येच मांजराच्या पिल्लांवर प्रयोग करून दाखवलं होतं, की लहानपणी डोळा बंद राहिला तर मेंदू पुढे तो वापरू शकत नाही. १९८१ चं नोबेल त्यांना मिळालं. त्यामुळे सात-आठ वर्षांच्या पुढच्या मुलावर शस्त्रक्रिया करून उपयोग नाही, असं बरेच डॉक्टर मानत. म्हणजे एक सिद्धांत गरिबांच्या मुलांच्या उपचाराआड उभा होता. तो तपासून पाहणं हे ‘असलं संशोधन’ नव्हे, मावशी. अहमदाबादच्या एका बाईंवर बाराव्या वर्षी शस्त्रक्रिया झाली होती. वीस वर्षांनी सिन्हांच्या गटानं तपासलं तेव्हा नजर अंधूकच होती, पण त्या वस्तू आणि चेहरे ओळखत होत्या.

याच कामातून एका जुन्या प्रश्नाचंही उत्तर मिळालं. १६८८ मध्ये आयरिश विद्वान मॉलिनो यांनी तत्त्वज्ञ जॉन लॉकना विचारलं होतं: जन्मांध माणसाला अचानक दिसू लागलं, तर हातानं ओळखलेला गोल आणि चौकोनी ठोकळा तो नुसत्या नजरेनं ओळखेल का? उत्तर २०११ मध्ये आलं, ते प्रोजेक्ट प्रकाशमधल्या ८ ते १७ वर्षांच्या पाच भारतीय मुलांकडून. पाहिलेला ठोकळा ती पुन्हा पाहून नीट ओळखत. हातानं चाचपलेला मात्र नजरेनं ओळखायला सांगितला की उत्तरं जवळजवळ अंदाजपंचे. आणि मला सगळ्यात जास्त हलवून जातं ते हे, की पुढच्या काही दिवसांतच त्यात सुधारणा दिसू लागली. तीनशे वर्षांचा वाद मिटवणारी ती मुलं आपल्या खेड्यांतली होती.

तेव्हा काका, सिन्हांनी परत दिलं ते इथे राहून. पण तुमच्या रागात तथ्य आहे. मुलं आपली, शस्त्रक्रिया आपल्याकडची, प्रश्न मात्र एमआयटीचा आणि पैशाचा मोठा वाटा अमेरिकन सरकारी संस्थेचा. २०२५ मध्ये इथल्या सरकारनं वैद्यकीय संशोधनाची कितीतरी अनुदानं मध्येच थांबवली. ओळखीतले तरुण संशोधक पुढच्या वर्षाच्या पगाराची चिंता करताना मी पाहते आहे. आपल्या मुलांच्या डोळ्यांचा पाठपुरावा वॉशिंग्टनच्या मर्जीवर कशाला सोडायचा?

शाळा-अंगणवाड्यांतली मुलं तपासणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच सुरू झाला आणि जन्मजात मोतीबिंदू त्याच्या यादीत आहे. पुण्यात आयसर आहे, मुंबईत टीआयएफआर, या दोन्ही विज्ञान संशोधन संस्थांत मेंदूवर काम करणारी माणसं आहेत. तपासणीत सापडलेल्या मुलाची शस्त्रक्रिया झाली की पुढची दहा वर्षं त्याची नजर, वाचन आणि शाळा यांवर लक्ष ठेवायला यांना एकत्र आणा, आणि त्यासाठी खात्रीचा पैसा द्या. अट एकच: मूल चाचण्यांना नाही म्हणालं तरी त्याचं ऑपरेशन थांबता कामा नये. काका-मावशींनी आमदारांकडे जाऊन हे मागावं, मी इथून लागेल ती माहिती गोळा करून पाठवते.