‘पंप वाढवा’ म्हणे!

सध्या व्हॉट्सॲपवर एक पोस्ट फिरतेय. कुठल्याशा गावातला बोअरवाला तेल कंपनीच्या इंजिनिअरांना सुनावतो, “तुम्ही कॉम्प्युटरवर भोकातल्या खडकाच्या चुऱ्याची गणितं करत बसा, मी नुसत्या हवेनं चुरा बाहेर काढतो.” पुढे ‘ज्ञान’: तेलवाले परदेशातून महागडा चिखल आणतात, खरं तर हवा पुरे, चुरा अडकलाच तर चिखल घट्ट करा आणि पंप वाढवा, मॉडेलिंगवाले एसीत बसून कंपन्यांना लुटतात. शेवटी जोडलेले हात आणि देशी जुगाडाला सलाम. सोसायटीच्या ग्रुपवर आली तेव्हा सोडून दिलं. पण परवा, ऐन ॲडमिशनच्या दिवसांत, भाचा विचारतो, “मावशी, तेलविहिरींचं तुझं काम एवढंच असेल तर मी पेट्रोलियमला कशाला जाऊ?” मग मात्र राहवेना.

चिखलाचं आधी उरकते. हा चिखल म्हणजे ड्रिलिंग मड: पाइपमधून खाली सोडायचा, बाहेरच्या बाजूनं तो चुरा घेऊन वर येतो. त्यातली बेंटोनाइट नावाची माती कच्छात निघते. मड जड करायला घालतात ते बराइट हे खनिज आंध्रातल्या मंगमपेटच्या खाणीतून परदेशी जातं. काही रसायनं बाहेरून येतात, बास.

आता हवा. पुण्याच्या आसपास बोअर हवेनं होतं, कारण खाली काळा कातळ आहे. वरच्या मुरमाला केसिंग घातलं की खालचा बेसॉल्ट ढासळत नाही. साडेसहा इंची भोक, काहीशे फूट खोली, आणि कॉम्प्रेसरची हवा सेकंदाला १५ मीटर किंवा त्याहून जास्त वेगानं वर येते. भुकटी उडणारच. बोअरवाल्याच्या कसबाशी माझं भांडण नाही, पोस्ट लिहिणाऱ्याशी आहे. तेलाची विहीर जाते गाळाच्या खडकांतून. तिथे शेल, म्हणजे चिकणमातीचा खडक, ढासळते, आणि खडकाच्या छिद्रांत पाणी, तेल, वायू दाबाखाली कोंडलेले असतात. ३,००० मीटर खोलीवर १.२ घनतेच्या मडचा दाब साधारण ३५० बार भरतो. तोच त्या वायूला रोखून धरतो. मडच्या जागी हवा असेल तर रोखायला कुणी नाही, आणि नैसर्गिक वायूत हवा मिसळली की स्फोटाची तयारी. कठीण, कोरड्या खडकात तेलवालेही हवेनं ड्रिल करतात, पण तिथेच.

खरा संताप येतो तो पंपाच्या मुद्द्याचा, कारण ऐकायला तो शहाणपणाचा वाटतो. सव्वाबारा इंची भोक पाडताना दर मीटरला जवळपास २०० किलो खडक सुटतो. तासाला २० मीटर गेलात तर ताशी चार टन. मिनिटाला ३,४०० लिटर मड सोडला तरी पाच इंची पाइप आणि भोकाची भिंत यांच्यामधल्या जागेत, म्हणजे ॲन्युलसमध्ये, त्याला सेकंदाला मीटरभरही वेग मिळत नाही. विहीर उभी असेल तर हिशेब सोपा: मडचा वर जाण्याचा वेग वजा खड्याचा खाली बसण्याचा वेग. पोस्टवाल्याच्या डोक्यात एवढीच विहीर आहे.

मुंबई हायला एकेका प्लॅटफॉर्मवरून अनेक विहिरी तिरप्या फाकतात. तिरप्या भोकात खड्याला तळापर्यंत पडावंच लागत नाही. काही इंच खाली आला की भोकाची खालची कूस लागते आणि तिथे थर साचतो. पाइपही वजनानं त्याच बाजूला टेकलेला, त्यामुळे मड वरच्या मोकळ्या बाजूनं निघून जातो. तिरप्या नळीत रक्तपेशी उभ्या नळीपेक्षा लवकर खाली बसतात, हे बॉयकॉट नावाच्या ब्रिटिश संशोधकानं १९२० सालीच नोंदवलं होतं. मग १९८६ मध्ये अमेरिकेतल्या टल्सा विद्यापीठाच्या टॉमरेन, इयोहो आणि अझर यांनी सुमारे १२ मीटर लांबीची नळी वेगवेगळ्या कोनांत ठेवून चुऱ्याचं वागणं मोजलं. सगळ्यात वाईट अवस्था ४५ अंशांच्या आसपास निघाली. तिथे थर नुसता साचत नाही, तो प्रवाहाच्या उलट खाली घसरतो. डंपरचा हौदा वर उचलताना खडी आधी ढिम्म असते आणि एका कोनाला सगळी एकदम सुटते, तसंच. नवा पाइप जोडायला पंप थांबवला आणि नेमका तेव्हा थर सुटला, तर पाइप जाम.

अशा वेळी मड घट्ट करा म्हणे! आडव्या भागात घट्ट मड थराच्या डोक्यावरून संथपणे निघून जातो. पातळ मडची खळबळ थर जास्त ढवळते, आणि त्याहून उपयोगी पडतं ते पाइप फिरवत राहणं. पाइपचं नाव पोस्टमध्ये शोधून सापडत नाही.

आणि पंप? वेग वाढवला की ॲन्युलसमधलं घर्षण वाढतं, तळाचा दाब चढतो. मड घट्ट असेल तर आणखी चढतो, चुऱ्यानं जड झालेला असेल तर त्याहून. खडकालाही सोसण्याची मर्यादा असते. ती ओलांडली की खडक फाटतो, मड भेगेत गायब होतो, विहिरीतली पातळी उतरते, आणि ज्या वायूला रोखून धरलं होतं तो आत शिरतो. चुरा काढायला निघालेला माणूस ब्लोआउटच्या, म्हणजे विहीर बेकाबू उसळण्याच्या, दारात उभा! पंप किती, पाइपचा आरपीएम किती, मड किती पातळ, बिट (टोकाचं खडक फोडणारं अवजार) किती वेगानं पुढे न्यायचं, हे सगळं एकमेकांत अडकलेलं आहे, म्हणून मॉडेल लागतं.

एसीतल्या मंडळींबद्दल मात्र थोडं, नाइलाजानं, मान्य. प्रयोगशाळेतली नळी गुळगुळीत असते. विहिरीची भिंत मधेच ढासळून भोक रुंद झालेलं असतं, तिथे मडचा वेग पडतो, आणि नेमकं किती रुंद हे ड्रिल करताना कळत नाही. रिग कधीच न पाहिलेल्यांनी केलेली, दोन दशांशांपर्यंत अचूक दिसणारी मॉडेलं मीही पाहिली आहेत. म्हणून शहाणा माणूस मॉडेलचा आकडा शेल शेकरवर, म्हणजे वर आलेला मड गाळणाऱ्या हलत्या चाळणीवर, येणाऱ्या चुऱ्याशी ताडतो. चिकटलेला मड वजा करून शेकरवर ताशी तीनच टन येत असतील, तर एक टन खाली राहतोय. टॉर्क, म्हणजे पाइप फिरवायला लागणारा जोर, चढायला लागतो, पाइप वर ओढायला जोर जास्त लागतो. मग ड्रिलर बिट पुढे नेणं थांबवतो आणि पाइप फिरवत नुसता मड फिरवतो. ३,००० मीटरवरून मडला वर यायलाच तासभर लागतो, चुऱ्याला त्याहून जास्त. तिरप्या विहिरीत अशी एक फेरी पुरत नाही, आणि किती लागतील ते आधीच काढून ठेवावं लागतं, कारण रिगचं भाडं दिवसावर चालू असतं.