गौण वाक्यात ‘कॅन’ची जागा कोणती : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

‘प्लीज टेल मी व्हेअर कॅन आय गेट द फॉर्म’ हे वाक्य मी मागच्या लेखात चूक म्हटले होते आणि तेथे ‘व्हेअर आय कॅन गेट द फॉर्म’ असाच क्रम हवा, असे लिहिले होते. त्यावर आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया लिहिलीत, याबद्दल आभारी आहे. आपले म्हणणे थोडक्यात असे : भारतातली असंख्य शिकलेली माणसे असेच बोलतात आणि आयर्लंडमध्येही ही रचना रूढ आहे, तेव्हा तिला चूक ठरवणारे आपण कोण, ‘शुड यू नीड हेल्प’ अशा गौण, म्हणजे मुख्य वाक्याला जोडून येणाऱ्या वाक्यात प्रमाण इंग्रजीच मोडल (‘कॅन’, ‘शुड’ यांसारखे साहाय्यक) क्रियापद कर्त्याच्या आधी आणते, म्हणजे मी सांगितलेला नियमच टिकत नाही, आणि ही सवय मराठीतून आलेली असल्यामुळे तिला नावे ठेवणे म्हणजे मातृभाषेला नावे ठेवणे होय. यातला शेवटचा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून आधी त्याचेच उत्तर देतो.

ही चूक मराठीने दिलेली नाही. ‘मला फॉर्म कुठे मिळू शकेल?’ हा प्रश्न आणि ‘मला फॉर्म कुठे मिळू शकेल ते सांगा’ हे मिश्र वाक्य शेजारी ठेवून पाहा. प्रश्नाचा एकही शब्द जागचा हललेला नाही. मराठी प्रश्न विचारण्यासाठी शब्दांचा क्रम बदलत नाही, त्यामुळे तो क्रम परत पूर्ववत करण्याची वेळही तिच्यावर येत नाही. मराठीचा क्रम इंग्रजीत उतरला असता, तर चूक सरळ प्रश्नात झाली असती, आणि नवशिक्या विद्यार्थ्यांची ती होतेच : ‘व्हेअर आय कॅन गेट द फॉर्म?’ मग शिक्षक घोटून घेतात की प्रश्नात ‘कॅन’ कर्त्याच्या आधी येतो. मुले ते इतके मनावर घेतात की पुढे ‘व्हेअर’ दिसला की मागोमाग ‘कॅन’ येतोच, मग ते वाक्य प्रश्न असो वा नसो. म्हणजे सरळ प्रश्नासाठी शिकलेला इंग्रजीचाच एक नियम त्याची हद्द न कळल्यामुळे गौण वाक्यात शिरतो.

मराठीचा संबंध आहे, पण तो वेगळ्याच ठिकाणी आहे. ‘धिस इज द काउंटर व्हेअर आय कॅन गेट द फॉर्म’ या वाक्यात ‘व्हेअर’ही तोच आहे आणि ‘कॅन’ही तोच आहे. तरीही ‘द काउंटर व्हेअर कॅन आय गेट द फॉर्म’ असे कोणी विद्यार्थी लिहीत नाही. निदान माझ्या पाहण्यात तरी असे वाक्य आलेले नाही. असे का व्हावे? मला दिसणारे कारण असे, की मराठीत या दोन जागांसाठी दोन वेगळे शब्द आहेत. काउंटरच्या वाक्यात आपल्या मनात ‘जिथे’ असते आणि फॉर्मच्या वाक्यात ‘कुठे’ असते. ‘जिथे, जेव्हा, जसा’ ही मालिका संबंध दाखवते, तर ‘कुठे, केव्हा, कसा’ ही मालिका प्रश्न विचारते. मराठी गौण वाक्यातही ‘कुठे’ कायम राहत असल्याने प्रश्नाची भावना पुसली जात नाही, आणि ती भावना इंग्रजीत प्रश्नाचा क्रम ओढून आणते. इंग्रजीत मात्र दोन्ही कामे एकटा ‘व्हेअर’ करतो. विद्यार्थ्याला हा फरक समजावून सांगण्यासाठी मराठी आडवी येत नाही, उलट तीच सर्वांत उपयोगी पडते.

आता ‘शुड यू नीड हेल्प’ विषयी. हे वाक्य नियमाविरुद्ध नाही. क्रम का बदलतो, ते त्यातूनच कळते. तेथे ‘इफ’ गाळलेला आहे. ‘इफ यू शुड नीड हेल्प’ म्हटले की कर्ता पुन्हा पुढे येतो, आणि ‘इफ शुड यू नीड हेल्प’ असे कोणीही म्हणत नाही. उभयान्वयी अव्यय असेल तर क्रम सरळ राहतो, ते नसेल तर क्रमाची उलटापालट त्याचे काम करते. एका वेळी दोहोंपैकी एकच. ‘हॅड आय नोन’ या वाक्यातही हेच घडते. फॉर्मच्या वाक्यात ‘व्हेअर’ स्वतःच गौण वाक्य मुख्य वाक्याला जोडतो, तेव्हा उलटापालटीला तेथे काहीच काम उरत नाही. ‘ही सेड दॅट अंडर नो सर्कमस्टन्सेस वुड ही रिझाइन’ हा प्रकार निराळा आहे. त्यातला ‘वुड’ पुढे येतो तो पुढे आणलेल्या नकारामुळे, आणि मुख्य वाक्यातही तो तसाच येतो.

आयर्लंडचे उदाहरण आपण दिलेत ते योग्य आहे. ‘आय आस्क्ड हिम कुड ही कम’ हे तिथल्या बोलीत सहज बोलले जाते, आणि येथेही ‘इफ’ किंवा ‘वेदर’ नाही, हे लक्षात घ्यावे. प्रश्नार्थक शब्दानंतरही तेथे उलटा क्रम येतो, हे खरे आहे. परंतु जेम्स मॅक्लॉस्की या भाषाशास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे की त्या बोलीतही या रचनेला मर्यादा आहेत : ‘आस्क’, ‘वंडर’ अशा, विचारणे किंवा कुतूहल दाखवणाऱ्या क्रियापदांनंतर ती चालते, पण ‘फाइंड आउट’ सारख्या, उत्तर हाती आल्याचे सांगणाऱ्या क्रियापदांनंतर तिथले लोकही ती स्वीकारत नाहीत. आपल्याकडे मात्र ‘आय नो व्हेअर कॅन वी गेट इट’ हेही सर्रास ऐकू येते. म्हणून आयरिश बोलीचा दाखला आपल्या सवयीला पुरता लागू पडत नाही.

राहिला अधिकाराचा प्रश्न. बोलण्यातल्या या रचनेवरून मी कोणाला कधीही टोकणार नाही, कारण अर्थ पोचतो आणि संभाषण चालू राहते. भारतीय इंग्रजीची स्वतःची वैशिष्ट्ये आहेत आणि त्यांचा अभ्यास व्हावा, हेही मला मान्य आहे. माझा आग्रह लेखनापुरता आहे. ‘काइंडली इन्फॉर मी व्हेन कॅन आय कलेक्ट द सर्टिफिकेट’ असे लिहून शेवटी पूर्णविराम दिला, की वाचणाऱ्याला क्षणभर कळत नाही, ही विनंती आहे की प्रश्न. अनोळखी माणसाकडे जाणाऱ्या अर्जात उमेदवाराची पारख अशा दोन शब्दांच्या जागेवरून होऊ शकते, आणि ते नुकसान ग्रामीण भागातल्या, पहिल्या पिढीत इंग्रजी शिकणाऱ्या मुलांचे अधिक होते. या विषयावर मी एवढे लिहितो ते त्यांच्यासाठीच.

आपण शाळेत इंग्रजी शिकवता आणि ‘डायरेक्ट-इनडायरेक्ट’ नीट करणारी मुलेही पत्रात ही चूक करतात, असे लिहिले आहे. परीक्षेतल्या त्या प्रश्नात मूळ वाक्य अवतरणचिन्हांत समोर असते आणि सुरुवात बहुधा ‘शी आस्क्ड मी’ अशी भूतकाळी असते. मुले ‘कॅन’चा ‘कुड’ करतात, ‘इफ’ घालतात आणि गुण मिळवतात. पत्रात मात्र ‘आय डोन्ट नो’ किंवा ‘प्लीज टेल मी’ अशी सुरुवात स्वतःच्या मनातून करायची असते, आणि तेथे रूपांतर करायला कोणतेही वाक्य समोर नसते. म्हणून वर्गात हा क्रम वेगळा शिकवावा लागतो. तो शिकवताना ‘हू कॅन हेल्प मी’ या वाक्यापासून तर सुरुवात करूच नये, कारण तेथे ‘हू’ स्वतःच कर्ता असल्याने प्रश्नात आणि गौण वाक्यात क्रम सारखाच दिसतो, आणि मुलांना फरक जाणवतच नाही. त्याऐवजी आधी ‘जिथे’चे वाक्य घ्यावे : ‘आय नो द काउंटर व्हेअर आय कॅन गेट द फॉर्म.’ हे मुले बरोबर लिहितात. मग त्यातले ‘द काउंटर’ तेवढे फळ्यावरून पुसावे आणि उरलेले वाक्य त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्यावे.