विद्यापीठ काढायचंय? आधी पाटी रंगवा

पतसंस्था झाली, मंगल कार्यालय झालं, डीएड कॉलेज काढून बंदही झालं. तुमच्यासारख्या कर्त्या माणसाला आता विद्यापीठाखेरीज शोभेलसं काही उरलेलं नाही, भाऊसाहेब. एकच चूक टाळा. आधी वर्ग बांधून, मास्तर नेमून मग परवानगी मागायला जाऊ नका. शाळा अशा काढतात. विद्यापीठ कागदावर जन्माला येतं.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यात कलम २२ आहे. पदवी द्यायचा हक्क संसदेच्या किंवा विधिमंडळाच्या कायद्यानं स्थापन झालेल्या विद्यापीठाला (केंद्रानं विद्यापीठाचा दर्जा दिलेल्या 'अभिमत' संस्था आणि संसदेनं खास हक्क दिलेल्या लाडक्या संस्था वेगळ्या). म्हणजे तुम्हाला विटांपेक्षा आमदार जास्त लागणार.

गुरू करायचाच तर शेजारचा करा. छत्तीसगड राज्य २००० साली झालं आणि २००२ मध्ये त्यानं खासगी विद्यापीठांचा कायदा केला. त्यातलं कलम ५ म्हणजे अभंगच! प्रकल्प अहवाल द्या, सरकार राजपत्रात अधिसूचना छापेल, की झालं विद्यापीठ. दरवेळी विधानसभेला त्रास नको. साधारण वर्षभरात ११२ विद्यापीठं झाली. कित्येकांना ना इमारत ना आवार, एकेका खोलीत संसार. त्या खोलीत कुलपती, कुलगुरू आणि कुलसचिव तिघे कसे मावत असतील? बहुधा खुर्ची एकच आणि टोप्या तीन. शिवाय कलम ६ मुळे एकाहून जास्त ठिकाणी दुकान थाटायची सोय.

पण मोडता घालणारं कुणीतरी निघतंच. इथे निघाले प्रा. यशपाल, आयोगाचे माजी अध्यक्ष. दूरदर्शनवर लोकांना विज्ञान समजावून सांगायचे तेच. ते सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ११ फेब्रुवारी २००५ ला दोन्ही कलमं रद्द झाली. शिकवण्याची काही सोयच नसताना नुसत्या कागदावर विद्यापीठ होत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. प्रवेश घेऊन बसलेल्या पोरांची सोय राज्यातल्या जुन्या सरकारी विद्यापीठांकडे लावायला सांगितली. वऱ्हाड तुमचं, पंगत सरकारच्या मांडवात. यात तुमचं काय बिघडलं?

तेव्हा जरा सबुरीनं घ्या. आयोगाचे २००३ चे नियम म्हणतात, प्रत्येक खासगी विद्यापीठाला राज्याचा स्वतंत्र कायदा हवा आणि त्यानं इतर कॉलेजांना संलग्नता द्यायची नाही. अर्ज तुमच्या नावानं नाही, प्रायोजक संस्थेच्या नावानं करायचा. नोंदणीकृत संस्था, सार्वजनिक न्यास किंवा ना-नफा कंपनी, यातलं काहीही चालेल. नफा हा शब्द चपलेसारखा दारात काढून ठेवायचा. बाहेर पडताना घालता येतो. जागा वहिनींच्या नावची, भाडं विद्यापीठाचं. मेस मेहुण्याची, बस पुतण्याच्या. हिशेब तपासनीस कौतुकानं सही करील.

राज्य सरकारच्या विद्यापीठात कुलपती म्हणजे सहसा राज्यपाल. तुमच्याकडे कुलपती निवडणार प्रायोजक संस्था, म्हणजे पुन्हा तुम्हीच. काही राज्यांत वरून मंजुरी लागते, तेवढी आणा. मग नियामक मंडळ. त्यात तुमची माणसं, सरकारचा प्रतिनिधी आणि बाहेरचे तज्ज्ञ. तज्ज्ञ निवडताना त्यांची पुस्तकं वाचू नका, बैठकीत ते काजूच्या बशीकडे किती वेळा बघतात ते बघा. कुलगुरू मात्र खरोखर शिकलेला हवा. घरातला नको, लोक बोलतात. दीक्षान्त समारंभात झगा घालून तो पुढे चालेल, तुम्ही मागून या. विद्यापरिषदेला अभ्यासक्रम ठरवू द्या, फी ठरवू देऊ नका.

आणि हे सगळं जिकिरीचं वाटलं, आमदार सापडले नाहीत, तर कायद्याबियद्याशिवाय थेट 'विद्यापीठ' अशी पाटी लावून पदव्या वाटायला बसा. आयोग अशांची बोगस म्हणून यादी काढतो, तेवढीच फुकटची जाहिरात. त्याच १९५६ च्या कायद्यातलं कलम २४ यासाठी शिक्षा सांगतं : दंड, जास्तीत जास्त १,००० रुपये. पाटी रंगवणारा याहून जास्त घेतो.