‘आपटणारच आहे, मग स्वस्तातलं घ्या’ हा सल्ला नवशिक्याला महाग पडतो

रिमोटवरचं विमान उडवायला शिकायचं म्हटलं की एक सल्ला हमखास फिरत येतो: "पहिलं विमान आपटणारच. म्हणून स्वस्तातलं, छोटं घ्या. सोबतचा रिमोट पुरे. जायरो (विमान आपोआप स्थिर ठेवणारं उपकरण) असला की शिकावंही लागत नाही. बॅटरी मोठी टाका, जास्त वेळ उडेल." यातलं पहिलं वाक्य खरं आहे. त्यावरून काढलेला एकही निष्कर्ष पटण्यासारखा नाही.

आधी स्वस्ताचं बघू. सगळ्यात स्वस्त विमानांना बहुधा दोनच चॅनल असतात, म्हणजे रिमोटवरून दोनच गोष्टी वेगवेगळ्या चालवता येतात. एक मोटर जोरात फिरली की विमान वळतं, दोन्ही फिरल्या की चढतं. एलिव्हेटर, म्हणजे नाक वर-खाली करणारी शेपटीवरची हलती पट्टी, नसतोच, मग खाली गेलेलं नाक उचलायचं कशानं? त्यापेक्षा कोरोप्लास्टचं (आतून पोकळ अशा हलक्या प्लास्टिकच्या पत्र्याचं) ट्रेनर, म्हणजे शिकण्यासाठीचं विमान, घरी बनवा. तुटलं तर मैदानावरच टेप लावून पुन्हा उडवता येतं.

‘छोटं म्हणजे सोपं’ हे मात्र सगळ्यात घातक. हे ऐकून उत्साहानं आलेली मुलं हिरमुसून परत जातात, याचं मला फार वाईट वाटतं. विमान जितकं लहान, तितक्या त्याच्या हालचाली झटपट. नवख्या हाताला तेवढा वेळ मिळत नाही. ताशी 20 किलोमीटरनं उडणाऱ्या हलक्या खेळण्यासमोर 15 चा वारा आला की ते जागीच घुटमळतं, आणि मागून आला की 35 नं पळत सुटतं. शिवाय 80 मीटरवर अर्ध्या मीटरचं विमान येतंय की जातंय हेच कळत नाही. समोरून येत असेल तर त्याचं डावं-उजवं आपल्यासाठी उलटं झालेलं असतं, म्हणजे गोंधळात भर. सव्वा मीटर लांबीचे, धडाच्या वर बसवलेले आणि टोकांना किंचित उचललेले पंख असतील, तर रिमोटची स्टिक (दांडी) सोडल्यावर विमान स्वतःच सरळ व्हायला बघतं.

रिमोटवर काटकसर तर करूच नका. विमान मोडतं, रिमोट वर्षानुवर्षं राहतो. खेळण्याचा रिमोट त्या विमानाबरोबरच कचऱ्यात जातो. फ्लायस्कायच्या एफएस-आय6 सारख्या सहा चॅनलच्या रिमोटमध्ये 20 विमानांची सेटिंग्ज साठवता येतात, ड्युअल रेट लावून हालचाली मवाळ करता येतात, आणि तोच रिमोट केबलनं कॉम्प्युटरला जोडून सिम्युलेटरवर सराव होतो. पिकासिमसारखा सिम्युलेटर फुकट मिळतो. तिथे हवं तेवढं आपटा. फक्त घेण्याआधी तुमच्या मैदानावरची मंडळी कोणत्या मोडवर उडवतात, म्हणजे कोणतं काम कोणत्या हाताच्या स्टिकवर ठेवतात, ते विचारा. थ्रॉटल (मोटरचा जोर कमी-जास्त करणारी स्टिक) त्यांच्या डाव्या हाताला आणि तुमच्या उजव्या हाताला असेल, तर ऐन वेळी रिमोट त्यांच्या हातात देऊन उपयोग नाही.

जायरो पंख सपाट ठेवतो. समोरचं झाड त्याला दिसत नाही.

राहिली बॅटरी. 800 ग्रॅमच्या ट्रेनरला तीन सेलची 2200 एमएएचची लिपो (लिथियम-पॉलिमर बॅटरी) छान चालते. तिच्या जागी 5000 ची टाकली तर वजन साधारण 200 ग्रॅमनं वाढतं, आणि उतरतानाचा वेग सुमारे 12 टक्क्यांनी. शिकताना सगळ्यात अवघड काम उतरवण्याचंच असतं. शिवाय तोलही सरकतो. म्हणून कोणतीही बॅटरी बसवल्यावर पंखाच्या पुढच्या कडेपासून पाव ते एक तृतीयांश रुंदीवर दोन्हीकडून पंखाखाली बोटं टेकवून विमान उचला आणि विमान सपाट राहतंय का ते बघा. शेपूट खाली झुकत असेल तर उडवू नका, आधी बॅटरी पुढे सरकवा.