फोन कानाने बघावा, डोळ्यांनी ऐकावा

वीस ते तीस हजारांतला फोन घ्यायचं मनात आलं की आधी खोक्यावरचे आकडे पाठ करावेत. फोन नंतर हातात घेतला तरी चालतो. नाशकात मोबाइल घ्यायचा म्हणजे एमजी रोड, त्यामुळे कुठे जायचं हा प्रश्न नाही. वाटेत मात्र सल्ले देणारे भेटतील. "दुकानाच्या बाहेर येऊन फोटो काढ, घरच्या ट्यूबलाइटखाली कसा येतो ते बघ, एखादा फोन लावून समोरच्याला विचार." असल्या माणसांशी संबंध कमी करा. ही माणसं द्राक्षाची पेटीसुद्धा खालचा थर उपसून बघितल्याशिवाय घेत नाहीत.

दुकानात शिरलात की कॅमेऱ्यापासून सुरुवात करा. छताला एलईडीच्या पट्ट्या, भिंती पांढऱ्या, काउंटरची काच चकचकीत. एवढ्या उजेडात दहा हजारांचा फोनही झकास फोटो काढतो, म्हणून परीक्षा इथेच घ्यायची. समोर उभा करायचा सेल्समन. तो रोज इतक्या फोनांसमोर हसलेला असतो की फोटो होईपर्यंत पापणीही हलवत नाही. घरातलं तीन वर्षांचं पोर संध्याकाळी दिवाणावरून उडी मारेल तेव्हा काय होईल, हे दुकानात विचारू नये. ओआयएस आहे, सगळं स्थिर येतं, असं तो सांगेल. ओआयएस आपल्या हाताची थरथर सावरतो, उडी मारणाऱ्या पोराची नाही. त्यासाठी शटर झटकन मिटावं लागतं, आणि त्यासाठी उजेड लागतो. पण भल्या माणसाचा हिरमोड कशाला करायचा?

काढलेला फोटो त्याच फोनच्या पडद्यावर बघायचा, हे फार महत्त्वाचं. पडद्याचा उजेड पूर्ण वर, रंग 'व्हिव्हिड'वर. त्या पडद्यावर गावठी कोथिंबीरही परदेशी वाटते. चुकून तोच फोटो बायकोच्या फोनवर किंवा लॅपटॉपवर पाठवून पाहिलात तर व्यवहार मोडायची शक्यता असते.

मेगापिक्सेल जितके जास्त तितका फोटो चांगला. नियम सोपा आहे, आणि सोपेच नियम दुकानात आठवतात. आता ५० मेगापिक्सेलचा फोन नेहमीच्या फोटोसाठी चार-चार पिक्सेल एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचा फोटो देतो. १०८ वाला नऊ-नऊ एकत्र करतो आणि बाराचा देतो. २०० वाला सोळा-सोळा एकत्र करून पुन्हा साडेबारावर येतो. तिघेही एकाच गावाला पोचतात. पण २०० वाला लांबच्या रस्त्याने येतो, मग भाडं जास्त पडणारच. सेन्सरचा, म्हणजे आतल्या उजेड टिपणाऱ्या चकतीचा, आकार विचारू नका. तो अपूर्णांकात असतो, आणि १/२.८ मोठा की १/१.६ मोठा, हे गणित आपण चौथीतच सोडून दिलं आहे.

पुढे तो फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर जाणार. साध्या पद्धतीने पाठवला की तिथे तो दोन मेगापिक्सेलच्याही खाली येतो. २०२३ पासून एचडी पाठवायची सोय आहे, पण ते बटण दाबणारा माणूस आपल्या कुटुंबाच्या ग्रुपमध्ये अजून सापडायचा आहे.

मागच्या बाजूचे कॅमेरे मोजावेत. तीन असले तर उत्तम, गोल चार दिसले तर त्याहून उत्तम. चौथ्या गोलात फ्लॅश असो, नाहीतर नुसतं 'एआय' लिहिलेलं असो. बरेचदा त्यातला एक दोन मेगापिक्सेलचा मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून फोटो काढणारा, किंवा डेप्थ, म्हणजे अंतर मोजणारा, असतो. पोर्ट्रेट काढताना त्या डेप्थवर बोट ठेवलं तरी बऱ्याच फोनांना पत्ता लागत नाही. म्हणून बोट ठेवू नका, श्रद्धा ठेवा. वाइड कॅमेऱ्याकडे तर ढुंकूनही पाहू नये. मुख्य कॅमेऱ्यात राणी रंगाची दिसणारी येवल्याची पैठणी आठ मेगापिक्सेलच्या वाइडमध्ये वांगी रंगाची होते, आणि मग लग्नाच्या अल्बमात एकाच मावशीने दोन साड्या नेसलेल्या दिसतात. मावशीला ते आवडेलही.

झूमचं दुकानदारच सांगेल. २०२७ चा सिंहस्थ आहे, रामकुंडावर गर्दीत पुढे जाता येणार नाही, तेव्हा तीसपट झूम हवाच. दूरचं जवळ आणणारं टेलिफोटो भिंग नसलेला फोन तीसपट झूम म्हणजे फोटोचा एक तुकडा कापून ताणून दाखवतो. पण ताणलेल्या साधूवरून आखाडा ओळखायचा खेळ नंतर घरी छान रंगतो.

नाइट मोडही एकदा दाबून बघा. फोन भराभर अनेक फोटो घेतो आणि त्यांची चवड लावून एक करतो. गोदाघाटावर सांजआरती चालू असते, आणि फोटोत दुपारचे बारा वाजलेले असतात. याला चांगला नाइट मोड म्हणतात.

हे सगळं शहरातल्या हौसेचं झालं. दिंडोरी-निफाडकडचे द्राक्ष बागायतदार याहून मन लावून फोन घेतात, कारण त्यांचा कॅमेरा कामाचा असतो. पानाचा फोटो काढायचा, सल्लागाराला पाठवायचा, तो तिकडून औषध सांगणार. अशांना माझा खास सल्ला: जो फोन सर्वांत गुळगुळीत फोटो देतो तोच घ्या. कमी उजेडात सेन्सरमुळे फोटोत दाणे येतात आणि फोन ते पुसून टाकतो. पुसताना त्याला कोणता दाणा सेन्सरचा आणि कोणता भुरीच्या बुरशीचा, हे कळतंच असं नाही. संध्याकाळी वेलीखाली वाकून काढलेल्या फोटोत पान असं नितळ येतं की सल्लागार म्हणतो, "बाग एक नंबर, काही मारू नका." फवारणीचा खर्च वाचला. व्यापाऱ्याला घडाचा फोटो पाठवतानाही तोच फायदा, मणी जास्तच हिरवेगार. तो प्रत्यक्ष बागेत आल्यावर जे बोलतो ते फोनच्या तपशिलात धरायचं नाही. उन्हात, एकाच पानाचे, दोन फोनांनी फोटो काढून शेजारी-शेजारी ठेवणारे काही जण आहेत म्हणे. त्यांचा संसार कसा चालतो कोण जाणे.

टाइमलॅप्स आहे का, तेवढं विचारा. आपले दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. १९१२ च्या सुमारास त्यांनी कुंडीतल्या वाटाण्यासमोर कॅमेरा लावला आणि रोज थोडं थोडं चित्रण करत महिनाभराची रोपाची वाढ पडद्यावर दाखवली. कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, हे त्यांना कोणी विचारलं नाही. नाहीतर ते बिचारे पहिल्या दिवशीच कुंडी उचलून घरात गेले असते.

आता आवाज. आवाज तपासायला एमजी रोडवरच्या दुकानासारखी जागा नाही. बाहेर रिक्षांचे हॉर्न, आत तीन फोनांवर तीन वेगळी गाणी. यात कळतो तो एकच गुण, फोन किती जोरात ओरडतो. तोच बघायचा. हल्ली ३०० टक्के आवाज देणारे फोन आहेत. शंभर टक्के म्हणजे पूर्ण, असं शाळेत शिकवत, पण ती जुनी शाळा. फोन एवढंच करतो की गाण्यातल्या हळू जागाही मोठ्या जागांच्या उंचीला नेऊन बसवतो. त्यामुळे तबला, गायिका आणि तंबोरा एकदमच भांडायला लागतात. बैठकीत भांडण नसेल तर माणसं डुलक्या घेतात, तेव्हा ही सोय म्हणूनच धरा.

स्टिरिओ लिहिलेलं असावं. या किमतीत दुसरा स्पीकर म्हणजे बहुधा कॉल ऐकायचं वरचं भोक. खालचा स्पीकर गातो, वरचा हुंकार देतो. फोन आडवा धरून सिनेमा बघताना खालच्या भोकावर तळवा बसला की गाणारा गप्प होतो आणि हुंकारच उरतो.

नाशिक ढोलाचा व्हिडिओ लावून कधी बघू नका. ढोलाचा भारदस्त आवाज म्हणजे हवा जोरात ढकलणं. नखाएवढ्या स्पीकरात तेवढी हवा हलत नाही. मग टिपरूचा टणत्कार तेवढा येतो आणि छातीत बसणारा घुम मागे राहतो. पत्र्याच्या डब्यावर पथक नाचतंय असं वाटतं. उलट बाजूनेही तेच: पथकासमोर उभं राहून व्हिडिओ काढला की माइकला एवढा आवाज पेलवत नाही, तो फाटतो. कधी गोंगाट काढून टाकायची सोय चालू असते, आणि फोन ढोलालाच गोंगाट समजून दाबतो. खरी परीक्षा ती, पण त्यासाठी गणेशोत्सवापर्यंत थांबावं लागेल, आणि सेल त्याआधी संपतो.

हाय-रेझ ऑडिओचा सोनेरी शिक्का असला तर पाच-सातशे जास्त द्यायला हरकत नाही. जपान ऑडिओ सोसायटीचा हा शिक्का ४० किलोहर्ट्झपर्यंतच्या आवाजाचा हिशेब ठेवतो. माणसाचा कान तरुणपणी २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो, चाळिशी-पन्नाशीत त्याहून बराच कमी. वरचा भाग ऐकायला एखादं वटवाघूळ सोबत ठेवावं. ते नसेल तर ९९९ रुपयांचे ब्लूटूथ इअरबड घ्या. ते आवाज दाबून, काटछाट करूनच कानात सोडतात, त्यामुळे शिक्का खोक्यावर सुरक्षित राहतो. हेडफोनचं ३.५ मिलिमीटरचं भोक फोनला आहे का, हे विचारू नका. वय कळतं.

कॉलचा आवाज तपासायची गरज नाही. कॅमेऱ्याने फोटो निघतात, स्पीकरवर गाणी वाजतात; फोनवर बोलतं कोण?

घरी आल्यावर "कसा आहे?" असं विचारलं की "एक नंबर" म्हणायचं, खोकं उघडण्याआधीच. पुढे कधी आईचा फोन आला, तुम्ही हॉलमध्ये पंख्याखाली बसला आहात आणि माइक तुमच्याऐवजी पंख्याला आईशी बोलायला देतोय, ती सारखी "काय? काय म्हणतोस?" करतेय, तर घाबरू नका. मोठ्याने सांगा, "आई, द्वारका चौकाच्या सिग्नलला अडकलोय, नंतर करतो."